फ्रिजमधला लार्च

१८ ऑगस्ट १९९०, शनिवार
जुबैल, सौदी अरेबिया. कॅम्प, रूम नंबर ४२

आजपासून रोजनिशी लिहिणार. कारण ऐतिहासिक आहे. इराक कुवेतमध्ये घुसला वगैरे नव्हे.

आमच्या इन्स्ट्रुमेंट सेक्शनचे चीफ नाकाहारा-सान आज जपानला गेले. त्यांच्या कंपनीने सगळ्या जपान्यांना परत बोलावलंय. जाताना त्यांनी आपलं लार्चचं बोन्साय माझ्या हातात दिलं. झाड बावीस वर्षांचं, उंची चौदा इंच. थंड डोंगरातली जात, पानं सुईसारखी. साहेबांनी इथे चार वर्षं ते उन्हाळ्यात एसीत आणि हिवाळ्यात फ्रिजमध्ये ठेवून जगवलं.

सेक्शनमध्ये चौदा टेक्निशियन. निवड माझी झाली. माझा रूम पार्टनर जाफर (श्रीवर्धनचा, एसी मेकॅनिक) म्हणतो, त्या वेळी ऑफिसात मी एकटाच होतो. काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

साहेब म्हणाले, कधीतरी पाणी घाल. तुझ्या ग्रेडचं परत आल्यावर बघू.

या दोन वाक्यांचा संबंध न कळायला मी काही खुळा नाही. झाड जगलं की ग्रेड सात. ग्रेड सात म्हणजे फॅमिली स्टेटस. फॅमिली स्टेटस म्हणजे विद्या इथे, समुद्राकडच्या फ्लॅटमध्ये. लग्नाला तीन वर्षं झाली आणि आम्ही एकत्र राहिलो एकूण ऐंशी दिवस. ती चिपळूणला माझ्या वडिलांचा, नानांचा, चहा करतेय, मी इथे प्रेशर गेज तपासतोय. हे आता या झाडामुळे संपणार.

१९ ऑगस्ट

साहेबांनी वहीसुद्धा दिलीय. दर वर्षाच्या दोन-तीन ओळी, इंग्रजीत. वाचून निराशा झाली.

१९७४: काही केलं नाही. थांबलो.
१९७५: डावी फांदी बघितली. काही केलं नाही.
१९७८: थांबलो.

बावीस वर्षांत हा माणूस निम्मा वेळ नुसता बसून होता. झाड चौदा इंचच राहिलं यात नवल नाही.

मी पंधरा वर्षांचा प्लॅन केला. ग्राफ पेपरवर. प्रत्येक फांदीला टॅग नंबर दिला. आज सात फांद्या छाटल्या. वहीत लिहिलंय की मोठी छाटणी फक्त हिवाळ्यात करायची. पण जुबैलला हिवाळा कुठे असतो? मग वाट कशाची बघायची? उरलेल्या फांद्यांना तांब्याची वायर गुंडाळली. जाफर म्हणाला, प्लास्टरमधला पेशंट दिसतोय. दुर्लक्ष केलं.

२७ ऑगस्ट

पाणी दिवसातून तीन वेळा. खारट नळाचं नाही, पिण्याच्या गोड पाण्याचं. साहेबांचं 'कधीतरी' मला पटत नाही. मेंटेनन्समध्ये 'कधीतरी' असा शब्द नसतो.

टोकाच्या सुया तपकिरी झाल्यात. वाढीचं लक्षण.

११ सप्टेंबर

सुया गळायला लागल्या. मग वही बघितली: "शरद ऋतूत सुया सोनेरी होऊन गळतात. काळजी नको. झाड झोपतं."

म्हणजे सगळं बरोबर चाललंय. आपल्याकडे थोडं लवकर झालं इतकंच. सोनेरी नाहीत, चहाच्या चोथ्याच्या रंगाच्या आहेत. देश बदलला की रंग बदलणारच.

विद्याचं पत्र. तिने डी.एड. केलेलं आहेच, तर जिल्हा परिषदेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज करू का म्हणून विचारलंय. मी लगेच सहा पानी उत्तर लिहिलं. वायरिंगचं तंत्र आकृतीसह समजावलं.

२ ऑक्टोबर

झाड पूर्ण निष्पर्ण. फारच गाढ झोप.

जाफर रोज एकदा येऊन वाकून बघतो आणि म्हणतो, "उदयभाय, झाड कधीच खलास झालाय." या माणसाने आयुष्यात एसीशिवाय दुसऱ्या कशाची निगा राखलेली नाही.

वहीत एक परीक्षा दिलीय. नखाने साल जरा खरवडायची. आत हिरवं असेल तर झाड जिवंत. जाफर म्हणाला, आत्ता कर. मी म्हटलं, झोपलेल्याला कुणी नख मारून विचारतं का, जिवंत आहेस का म्हणून. शुक्रवारी करीन.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी नखं कापली होती. परीक्षा पुढे ढकलावी लागली.

२३ ऑक्टोबर

वैताग. कामावर सगळे दिवसभर रेडिओला कान लावून. लढाई होणार की नाही होणार. मला विचाराल तर नाही होणार. सुपरवायझरला सांगितलं की झाडासाठी दुपारी अर्धा तास रूमवर जाऊ द्या. तो म्हणाला, लंचमध्ये जा. तेव्हापासून जेवण बंद, म्हणजे धावत-पळत. मेसमध्ये बसणं नाही, नोटीस बोर्डापाशी उभं राहून गप्पा नाहीत. माणसाने एका गोष्टीला वाहून घेतलं की अशी शिस्त आपोआप येते.

विद्याला मुलाखतीचं बोलावणं आलंय, रत्नागिरीला. शुभेच्छा कळवायच्या राहिल्या. उद्या.

१५ नोव्हेंबर

वहीप्रमाणे आज झाड फ्रिजमध्ये. तीन शेल्फ काढावे लागले. जाफरची सुकट, लोणचं आणि दही बाहेर. कोपऱ्यात फक्त त्याची कोथिंबीर राहू दिली. तो फार बोलला. मी शांतपणे सांगितलं की हा माझ्या संसाराचा प्रश्न आहे. त्यावर त्याने स्वतःच थर्मोस्टॅट नीट लावून दिला. मग म्हणाला, मढं चांगलं टिकेल. मनाचा वाईट नाही, जिभेचा आहे.

टेंपरेचर दिवसातून तीन वेळा नोंदवणार. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पाच अंशांवर गेलं तर कारवाई.

१० डिसेंबर

कंपनीने सांगितलंय, ज्यांना घरी जायचं त्यांनी पंधरा जानेवारीच्या आत सुट्टी घ्या. निम्मा कॅम्प बॅगा भरतोय. जाफरचा पासपोर्ट त्याचा कफील, म्हणजे इथला मालक, सोडत नाही म्हणून तो थांबला. मी स्वेच्छेने थांबलो. फरक आहे.

संध्याकाळी फोन केबिनच्या रांगेत दीड तास. शेजारच्यांकडे विद्याला बोलावलं. ती म्हणाली, "तुम्ही घरी या, नाहीतर मला तिकडे बोलवा. दोन्हींपैकी एक सांगा."

मी समजावलं की झाड आत्ता सर्वांत नाजूक अवस्थेत आहे, मार्चपर्यंत काहीच हलवता येणार नाही. मार्चमध्ये अंकुर फुटले की सगळं एकदम होईल. ती काही बोलली नाही. समजूतदार आहे. लाईन कट झाली तेव्हा ती ऐकतच होती, अशी माझी खात्री आहे.

१७ जानेवारी १९९१

लढाई सुरू झाली. माझा अंदाज तत्त्वतः बरोबर होता, तारीख चुकली.

कंपनीने सगळ्यांना एकेक गॅस मास्क दिला. खिडक्यांना प्लास्टिक आणि टेप लावायला सांगितलं. जाफर खिडकी करत होता, तेवढ्यात मी फ्रिजचं दार चारी बाजूंनी सील केलं. खिडकीला टेप कमी पडला. जाफर जे बोलला ते इथे लिहीत नाही.

दुपारी टेंपरेचर घ्यायला सील उघडावं लागलं.

२७ जानेवारी

समुद्रात तेलाचा तवंग आलाय आणि तो इकडे सरकतोय म्हणे. पाणी गोड करण्याचा प्लांट बंद पडू शकतो. सगळ्यांनी पाणी साठवा असं सांगितलं. आम्ही दोघांनी मिळून आठ बाटल्या भरल्या. मी त्यांतल्या चार वेगळ्या काढून त्यांवर 'लार्च' असं लिहिलं.

जाफरने बाटल्यांवरचं नाव मोठ्याने वाचलं. मग म्हणाला, "उद्या जित्या माणसाला घोट मिळंल का ठावूक नाय, नि तू मेलेल्याला पाणी पाजतोस."

मी एक बाटली परत दिली. त्याने घेतली नाही. संध्याकाळपासून अबोला. इतक्या लहान गोष्टीवरून. मला घरी कुणी समजून घेणारं असतं तर ही वेळ आली नसती. खरंच फार एकटं वाटतं हल्ली.

३ फेब्रुवारी

पाणी चालू आहे. प्लांट वाचला. अबोलाही संपला, कारण सायरन वाजला तेव्हा जाफरनेच मला हाताला धरून ओढत शेल्टरमध्ये नेलं. मी फ्रिजपाशी होतो. परत आल्यावर त्याने चहा केला आणि एवढंच विचारलं की तुझ्या बायकोला पत्र लिहिलंस का. लिहायला घेतलंय.

१६ फेब्रुवारी

विद्याचं पत्र. चार पानं. लढाईमुळे पोस्ट उशिरा येतंय. चाळलं. सगळं ठीक दिसतंय, शाळेबद्दल काहीतरी आहे. सविस्तर वाचायला निवांतपणा हवा. इथे दर दोन दिवसांनी सायरन आणि दिवसातून तीन वेळा रीडिंग.

२ मार्च

लढाई संपली. सगळ्या कॅम्पमध्ये मिठाई. मी खाल्ली नाही. माझी लढाई तेरा दिवसांनी संपेल.

१५ मार्च, शुक्रवार

झाड फ्रिजमधून बाहेर काढलं. खिडकीत ठेवलं. प्लॅनमध्ये या वर्षीच्या नव्या फांद्यांसाठी जागा आखून घेतल्या. टॅग नंबर वीसपर्यंत लागतील.

१९ मार्च

हिरवं! सकाळी सहाला, खोडाच्या डाव्या बाजूला, अगदी स्पष्ट. जाफरला हाका मारून उठवलं. त्याने डोळे चोळत वाकून बघितलं, बोटाने ते उचललं आणि चघळलं. कोथिंबीर.

तरी आतून काहीतरी जोर करतंय हे मला जाणवतं.

२३ मार्च, शनिवार

नाकाहारा-सान परत आले. संध्याकाळी स्वतः रूमवर आले. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. झाडाशेजारी प्लॅन, ग्राफ आणि छाटणीचं रजिस्टर मांडून ठेवलं होतं.

साहेब झाडासमोर बसले. मग अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. आत तपकिरी. खाली खरवडलं. तपकिरी. मुळापाशी खरवडलं. भुगा पडला.

मी म्हटलं, गाढ झोपेत आहे. ते म्हणाले, ऑगस्टमध्येच मेलं असणार, फार तर सप्टेंबर. मग त्यांनी माझं रजिस्टर पहिल्यापासून वाचलं आणि म्हणाले, बावीस वर्षांत मी इतकं काम केलं नव्हतं. हे कौतुक होतं की नव्हतं, ते जपानी माणसाच्या चेहऱ्यावरून कळत नाही. पण नंतर त्यांनी उठून मलाच वाकून माफी मागितली. म्हणाले, तुझ्यावर ओझं टाकलं. मी रजिस्टर मिटून ठेवलं. जाफर बाहेर निघून गेला.

दारात साहेबांना आठवलं. ग्रेडचा कागद त्यांनी जपानहून ऑक्टोबरमध्येच सही करून पाठवला होता. झाडाशी त्याचा काय संबंध, असं त्यांनीच मला विचारलं.

२४ मार्च

कॅम्प ऑफिसात मोहियुद्दीन क्लार्क आहे, रत्नागिरीचा. तो म्हणाला, तुमचं नाव नोव्हेंबरपासून नोटीस बोर्डावर होतं. ग्रेड सात, फॅमिली स्टेटस मंजूर, लग्नाचा दाखला जमा करा. दोनदा तोंडी पण सांगितलं, तर तुम्ही मला फ्रिजला वेगळी लाईन मिळेल का म्हणून विचारलंत.

असो. फाईल अजून उघडी आहे. दाखला दिला. सही झाली. म्हणजे मूळ समीकरण बरोबर निघालं, मधली एक पायरी अनावश्यक होती. विद्या येणार. फ्लॅट बघायला अल-खोबरलाही जाईन. पडदे तिच्या आवडीचे.

२८ मार्च, गुरुवार

फोन लागला. मी सगळं एका दमात सांगितलं. फॅमिली स्टेटस, फ्लॅट, समुद्र. पासपोर्टचं काम लगेच सुरू कर म्हटलं.

ती म्हणाली, "मी एक फेब्रुवारीला शाळेत रुजू झाले. तीन पत्रांत लिहिलंय तुम्हाला."

मी म्हटलं, राजीनामा दे, त्यात काय. ती म्हणाली की परीक्षा तोंडावर आल्यात, आणि परीक्षा संपल्यावरही ती येणार नाही. मला यायचं असेल तर मी यावं. नानांची काही हरकत नाही, तेच तिला दर सोमवारी एसटीत बसवून देतात. आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मग म्हणाली, "माझ्या शाळेचं गाव कोणतं, तेवढं सांगा."

मी म्हटलं, लाईन खराब आहे, नीट ऐकू येत नाही. लाईन अगदी स्वच्छ होती. तिने फोन ठेवून दिला.

२९ मार्च, शुक्रवार

सकाळपासून तिची पत्रं शोधली. सगळी मिळाली. विद्या पातळ एअरमेल कागदाच्या एकाच बाजूला लिहिते, शाई पलीकडे उतरते म्हणून. मागची बाजू कोरी असते.

गाव पालशेत. तालुका गुहागर. पहिली आणि दुसरी एकत्र, मुलं एकतीस. पत्र्यावर माकडं उड्या मारतात, तेव्हा वर्ग थांबवावा लागतो. खोली एका आजींकडे मिळालीय, शरफुन्निसा त्यांचं नाव, माशाचं कालवण फार छान करतात. तुम्ही आलात तर दोन माणसांपुरती जागा आहे, असं लिहिलंय. खाली रेघ मारलीय.

पान उलटलं. पाठीमागे माझं अक्षर.

सकाळ ३.८. दुपार ४.१. संध्याकाळ ३.९. सर्व नॉर्मल.