एवढा रुंद रस्ता कशासाठी

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन असताना ही बाई पत्र का लिहितेय असं तुला वाटेल. त्यातून गेले तीन महिने मी तुझे फोन धड घेतलेही नाहीत. कधी गॅसवर काहीतरी आहे, कधी दारात कुणीतरी आलंय. गॅसवर काही नव्हतं आणि दारातही कुणी नव्हतं. मला तुझा संशय आला होता. तू आधी माझ्या वर्गातली, मग माझी नणंद, आणि तरीही आला. आता सांगतेच आहे तर पहिल्यापासून सांगते. मध्ये कुठे राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

आपल्या घराकडे येणारा रस्ता तुला माहीत आहे. रस्ता म्हणायचं आपलं. मोठ्या सडकेपासून दारापर्यंत दोनशे पावलांचा चढ, मध्ये त्या काळ्या खडकाला घातलेला वळसा, आणि पावसाने दोन्ही चाकांखाली पाडलेले चर. तीस वर्षं मी तुझ्या भावाच्या मागे लागले होते की एकदा नीट करून घ्या. तीस वर्षं तो घमेलं-फावडं घेऊन खड्ड्यात माती टाकायचा आणि म्हणायचा, झालं की. निवृत्त झाल्यावरही तेच. आणि एके दिवशी सकाळी पेपरची घडी घालता घालता म्हणाला, "सोमवारी जेसीबी येतोय. डंपर आणि रोलरही भाड्याने घेतलेत, आठ दिवसांसाठी. रस्ता मुळापासून करायचाय." मी चहा गाळत होते, तो ओट्यावरच सांडला. मला आनंद व्हायला हवा होता. पण जो माणूस चपलेचा अंगठा तीनदा शिवून घेतो, तो न विचारता, न सांगता तीन-तीन यंत्रं दारात आणतो, तेव्हा मनात पाल चुकचुकणारच.

मग मी लक्ष ठेवायला लागले. तुला माहीत आहे, मी एकदा लक्ष ठेवायला लागले की काय होतं. दर गुरुवारी तो शहरात जात होता, तेही गाडी दारात ठेवून बसने. "गाडी का नेत नाही?" विचारलं तर म्हणे पार्किंगची कटकट. मला वाटलं, गाडी ओळखीची आहे, कुठे उभी दिसायला नको म्हणून. अंधार पडला की तो बाहेर जायचं टाळायचा, आणि दिवसा फोन करायला पाण्याच्या टाकीमागे जायचा. एकदा मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने तिथे गेले, तर कानावर आलं, "तिला एवढ्यात सांगू नकोस. आधी काम होऊ दे." मला बघून म्हणाला, खडीचा भाव विचारत होतो. खडीवाल्याला कुणी असं बोलतं का? तो आंघोळीला गेल्यावर मी फोन उघडून बघितला. तुझं नाव होतं. एका महिन्यात सात वेळा. एरवी वर्षातून दोनदा तुला फोन करणारा माणूस.

त्याच दुपारी मी लोखंडी कपाट उघडलं. घराचे कागद जागेवर नव्हते. निळी फाइल होती, आत नुसता जुन्या वीजबिलांचा गठ्ठा. आता तूच सांग, माझ्या जागी तू काय समजली असतीस? घरात तुझाही वाटा आहे, तू तो कधी मागितला नाहीस, आणि नेमकं तेच मला खटकायला लागलं. न मागणारी माणसं एकदम मागतात, असं काहीतरी मी स्वतःला पटवलं. शेजारच्या कोंबडीवाल्याने त्यात भर घातली. कुंपणावर कोपर टेकून तो म्हणाला, "वहिनी, एवढा रस्ता कुणी राहायला करत नाही. विकायला करतात." त्याच्याकडून अंडी घेणं मी बंद केलं, पण वाक्य काही डोक्यातून जाईना.

सोमवारी यंत्रं आली. जेसीबी चालवायला एक बाई होती. पन्नाशीची, डोक्याला रुमाल, पायात गमबूट. यंत्रं तिचीच, वडिलांच्या मागे धंदा तीच बघते. तुझ्या भावाशी ती नकाशा पसरून हळू आवाजात बोलायची आणि मी आले की तो गप्प. खोटं कशाला सांगू, अर्धा दिवस मी तिच्याबद्दलही वेडंवाकडं मनात आणलं. मग तिने जेवायला बसल्यावर दाताची कवळी काढून रुमालात ठेवली, तेव्हा तो विषय मी सोडून दिला.

काम मात्र ती देखणं करायची. आधी वरची सगळी माती खरवडून काढली, कडेने गटार खणलं, चढाच्या मध्यावर सिमेंटचा मोठा पाइप आडवा घातला. मग हाताएवढे दगड, त्यावर खडी, त्यावर मुरूम, टँकरने पाणी, आणि रोलर मागेपुढे, मागेपुढे, की कपाटातली भांडी दिवसभर वाजत राहायची. पण प्रत्येक गोष्टीत मला काळंबेरं दिसत होतं. काळा खडक फोडून काढला आणि वळण सरळ केलं. कशाला? तीस वर्षं आपण त्याला वळसा घालतोच आहोत. रुंदी जवळजवळ दुप्पट केली. कशाला? आपली गाडी केवढी, आपण दोन माणसं केवढी. दारासमोरचा माझा शेवंतीचा वाफा उपटला आणि तिथे हे एवढं गोल मैदान सपाट केलं. माझ्या डोळ्यांसमोर ट्रक वळायला लागले. घर पाडून इथे गोदाम होणार, तू आणि तो पैसे वाटून घेणार, आणि मला शहरात कुठल्या तरी तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवणार. शेवंती गेली त्या दिवशी मी जेवले नाही. त्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, पित्त. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता, पण नीट माझ्याकडे नाही, जरा बाजूला. तेही मी अपराध्याची नजर म्हणून नोंदवून ठेवलं.

सहाव्या दिवशी मी ठरवलं, हिलाच विचारायचं. तुझा भाऊ सडकेपाशी डंपर रिकामा करून घेत होता. मी चहा घेऊन गेले आणि सरळ म्हटलं, "बाई, एवढे मोठे ट्रक कुणाचे येणार आहेत इथे?" ती चहा फुंकत म्हणाली, "ट्रक कसले? ट्रकला एवढा मुरूम पुरायचा नाही." मी म्हटलं, "मग हे गोल मैदान?" तर ती माझ्याकडे नवलाने बघत म्हणाली, "ते तुमच्यासाठीच की. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, ज्या माणसाने जन्मात गाडी चालवली नाही, त्याच्यासाठी रस्ता करा. वळण नको, चढावर थांबावं लागायला नको, आणि दारात आल्यावर गाडी मागे घ्यायची वेळ येऊ नये, गोल फिरवून सरळ बाहेर काढता यावी. तुम्ही शिकताय ना?" मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार? कप तिच्या हातातच राहिला आणि मी उतारावरून चालत गेले.

तो दगडावर बसला होता. मी डावीकडून गेले आणि त्याच्या खांद्याला हात लावेपर्यंत त्याला मी दिसलेच नाही. भर दुपारी, चार हातांवर. मी एवढंच विचारलं, "कधीपासून?" त्याने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. म्हणाला, "दीड वर्ष असेल. आधी वाटलं फाटकाचा खांबच वाकडा आहे, म्हणून गाडी घासते." गुरुवार डोळ्यांच्या दवाखान्याचा होता. काचबिंदू. कडेकडेने दिसणं जातं, दुखत नाही, खुपत नाही, आणि गेलेलं परत येत नाही. थेंब घातले तर उरलेलं टिकतं. कागद वकिलाकडे होते, घरातला त्याचा हिस्सा माझ्याही नावावर लावायला, सही अजून ओळीवर येते तोवर. मी ओरडले त्याच्यावर. रोलरचा आवाज होता म्हणून बरं. बायकोला सोडून बहिणीला सांगता? तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू मला रस्ता करू दिला नसतास. दवाखान्याला लागतील म्हणून साठवून ठेवायला लावलं असतंस." खरं आहे ते. पण त्याला माफ करायला मला आठवडा लागला आणि तुला त्याहून जास्त. आधी संशयामुळे बोलत नव्हते, नंतर तू माहीत असून बोलली नाहीस म्हणून, आणि नंतर नुसती लाज वाटत होती म्हणून.

गाडी मला त्या जेसीबीवाल्या बाईनेच शिकवली. रविवारी यायची, शेजारी बसायची, कवळी काढून खिशात ठेवायची आणि म्हणायची, "घाबरायचं नाही, वीस टनाचं यंत्र नाही हे." पहिल्या दिवशी मी गटारात घातली. दुसऱ्या दिवशी कोंबडीवाल्याच्या कुंपणात, आणि ते अगदीच अजाणता झालं असं मी म्हणणार नाही. पण मागच्या सोमवारी परवाना हातात आला. आता अंडीही पुन्हा त्याच्याकडूनच घेते.

आता पत्र का लिहिलं ते. काल गुरुवार. पहिल्यांदाच मी त्याला दवाखान्यात घेऊन गेले आणि डॉक्टरांसमोर शेजारी बसले. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "बहिणीला तपासलं का? वडिलांना होता, तुम्हाला आहे, मी केव्हापासून सांगतोय." बाहेर आल्यावर तुझ्या भावाने सांगितलं, की ते सात फोन माझ्याबद्दल कमी आणि याबद्दलच जास्त होते, आणि तू प्रत्येक वेळी म्हणालीस, मला काही झालेलं नाही, चष्म्याचा नंबर बदललाय एवढंच. ठमे, आता मला संशय घ्यायची सवयच लागली आहे. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा चहा कपाबाहेर ओतलास, जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटलास, आणि मी पुढे केलेला हात न घेता निघून गेलीस. तेव्हा मला वाटलं, तू माझ्यावर रागावली आहेस. आज मी देवाजवळ एवढंच मागते, की तू खरंच रागावलेली असावीस. फोनवर तू विषय बदलतेस, पत्राला ते करता येत नाही. अक्षर नेहमीपेक्षा मोठं काढलंय, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. पुढच्या गुरुवारी अकराची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. मी नऊ वाजता तुझ्या दारात गाडी घेऊन येते, एकटी. तुझ्या गल्लीत गाडी वळत नाही हे मला माहीत आहे, मी ती मागे घेईन. तू फक्त चप्पल घालून तयार राहा.

तुझीच,
आधी मैत्रीण, मग वहिनी