गुलाबच्या दाखल्याबद्दल

लोहारा, जि. उस्मानाबाद
ता. ९ फेब्रुवारी १९६०

ती. अण्णांस,

महारुद्रचे शरणार्थ. इकडं आम्ही ठीक आहोत. थंडीत अप्पांचा गुडघा धरला होता, आता ऊन तापायला लागल्यापासून ते पुन्हा मुरुमच्या दुकानी जाऊन बसतात. ज्वारी काढणीला आलीय, करडई यंदा बरी आहे. सरोजिनी वहिनींना नमस्कार, विमलला काकाचा आशीर्वाद. तुमची बोट चौदा मार्चची ठरली हे वाचून बरं वाटलं. कारखान्यानं जर्मनीला धाडलेला आपल्या भागातला दुसरा माणूस निदान मला तरी ठाऊक नाही.

तुमचं पत्र आणि सोबतचा छापील फारम दोन्ही मिळाले. पत्र चार पानांचं आहे, त्यातली साडेतीन पानं मुरुमच्या घरी ठेवलेल्या तुमच्या कुत्र्याची, गुलाबची. त्याची पेटी किती लांब-रुंद असावी, आत गवत घालावं की गोणपाट, बोटीवर त्याला मोकळं करायला कोण नेईल, उतरल्यावर रेल्वेत तोंडाला जाळी लागते ती कातड्याची की तारेची. विमल त्याच्याशिवाय जायला तयार नाही, हेही लिहिलंत. मग शेवटच्या पानावर: ‘शांताक्का तापानं गेल्याचं अप्पांनी कळवलं. वाईट वाटलं. पण वय झालं होतं.’ आणि त्याच ओळीत, नवी ओळसुद्धा न घेता: ‘दाखला पंधरा तारखेच्या आत रजिस्टर टपालानं पाठव.’

दवाखान्याच्या ओट्यावर बसून मी हे वाचलं. आपली जन्मदाती अव्वा गेली तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होता आणि मी चार. त्या दिवसापासून आपल्या दोघांना न्हाऊ-माखू घातलेल्या बाईला तुम्ही तीन वाक्यं दिलीत. राग खाली बसला की लिहावं म्हणून दोन दिवस थांबलो. तो बसला नाही, म्हणून आहे तसाच लिहितोय. धाकट्यानं असं लिहू नये हे मला कळतं.

फारममध्ये चार कलमं आहेत. पहिल्यात कुत्र्याचं वर्णन. जात कारवानी, नर, वय तीन वर्षं, रंग बदामी. दुसरं कलम लस टोचल्याचं. टोचलीय, तेवीस नोव्हेंबरला, मीच. चौथं तब्येतीचं. तीही चांगली आहे, इतकी की तुम्ही पाह्यलंत तर खूश व्हाल.

राहिलं तिसरं. कुत्रं राहतं तिथून वीस किलोमीटरच्या आत गेल्या सहा महिन्यांत माणसाला किंवा जनावराला पिसाळ झालेली नाही, आणि या कुत्र्याचा पिसाळलेल्या जनावराशी संबंध आलेला नाही, असं सरकारी डॉक्टरनं लिहून द्यायचं. त्यावर तुम्ही म्हणता, ‘ही नुसती रीत आहे. तिकडच्या लोकांना कागद लागतो. वाचत बसू नकोस, सही कर.’ आणि त्याखाली: ‘तुझ्या शिक्षणाच्या वेळी मी कलमं वाचत बसलो नव्हतो.’

खरं आहे. हैदराबादच्या कॉलेजात मी तुमच्या जिवावर शिकलो. तुम्ही नसता तर आज मी अप्पांच्या दुकानात मापं घेत बसलो असतो. पण अण्णा, मला डॉक्टर केलंत ते अशा सहीसाठी केलंत का? तसं असेल तर तेव्हाच सांगायचं होतं.

मी सही केलेली नाही. करणारही नाही.

कारण म्हणून एवढं पुरे व्हावं: बावीस नोव्हेंबरला आपल्या घरी जे झालं ते ‘कुत्र्यांचं भांडण’ नव्हतं. अप्पांनी तुम्हाला तसं कळवलं असेल. गावाबाहेरून एक पिसाळलेलं कुत्रं आलं, लाळ गळत होती, मागचे पाय ओढत होतं. अंगणात गुलाब साखळीला होता. त्या कुत्र्यानं गुलाबचा कान फाडला. लोकांनी ते कुत्रं काठ्यांनी मारून ओढ्याच्या काठाला पुरलं. दुसऱ्या दिवशी अप्पांचा निरोप आला, ‘थोरल्याच्या, वीरप्पाच्या कुत्र्याला चावलंय, लगेच ये.’ मिळेल त्या यष्टीनं लस घेऊन मी गेलो, कान शिवला, लस टोचली. म्हणजे तिसऱ्या कलमाचा शेवटचा भाग तिथंच संपला. चावल्यावर टोचलेली लस म्हणजे हमी नव्हे. गुलाब अजून तीन-साडेतीन महिने नजरेखाली, बंद ठेवला पाहिजे. त्याला पेटीत घालून लेकराच्या शेजारी बोटीत बसवायचा म्हणता?

दवाखान्यात बैल आलाय, खांदा सुजलाय. बाकीचं नंतर लिहितो.

*

ता. १० फेब्रुवारी, सकाळी

काल वर लिहिलेलं पुन्हा वाचलं. तेवढ्यावर सही करून पाकीट बंद केलं असतं तरी तुमच्या दाखल्याचा निकाल लागला असता. बैल गेल्यावर मला वेळही होता. तरी लिहिलं नाही. आता लिहितो.

शांताक्का तापानं गेली नाही.

नऊ जानेवारीला अप्पांचा निरोप आला, ‘शांताक्काला ताप आहे, बडबडती.’ मी गेलो. ती मागच्या खोलीत घोंगडीवर पडली होती. मला ओळखलं. ‘आलास काय मगा, माझ्या लेका,’ म्हणाली. ओठ कोरडे पडले होते, म्हणून मी तांब्या तिच्या तोंडाजवळ नेला. पाण्याकडं पाहताच तिचा गळा असा आवळला की जीव जातो की काय वाटलं. हातानं तांब्या लोटला. ‘नीर ब्याड, नीर ब्याड,’ पाणी नको, एवढंच म्हणत राह्यली. दार उघडलं, वाऱ्याची झुळूक आली, तर सगळं अंग थरारलं. जनावरांत मी हे पाह्यलंय, अण्णा. माणसात पहिल्यांदा पाह्यलं, तेही तिच्यात.

मी बाहेर आलो. अप्पा ओसरीवर बसले होते.

‘अप्पा, हा ताप नाही.’

‘मग काय हाय?’

‘तुम्हाला ठावं आहे काय हाय.’

अप्पांनी वर पाह्यलं नाही. म्हणाले, ‘तोंडातून काढू नको. मातीला माणूस यायचं न्हाय. अन् थोरल्याचं कुत्रं बी अडकंल. त्याचा फारम यायचाय.’

ती अकराला सकाळी गेली. शेवटपर्यंत शेजारची सिद्धम्मा तिच्याजवळ बसून होती, पदरानं तिचं तोंड पुसत होती. माती झाली, माणसं आली. दुसऱ्या दिवशी मरणाची नोंद करायला गेलो. वहीवाल्यानं विचारलं, ‘आजार?’ मी म्हणालो, ‘ताप.’ सरकारी डॉक्टर सांगतोय म्हटल्यावर पुढं कोण विचारणार?

खोटं अप्पांनी सांगितलं नाही, अण्णा. मी सांगितलं. लोक काय म्हणतील म्हणून सांगितलं, अप्पांच्या शब्दासाठी सांगितलं, असं मी महिनाभर स्वतःला समजावत होतो. ते खरं नाही.

तिसऱ्या दिवशी सिद्धम्मा माझ्यापाशी येऊन रडली. म्हणाली, ‘त्या दिवशी म्या भिंतीवरनं बगत होते. ते कुत्रं गुलाबच्या उरावर बसलं हुतं. अक्का मधी घुसली. म्या वरडले, अक्का, सर मागं! तर म्हणती, थोरल्याचं हाय गं ते, त्याला काय झालं तर वीरप्पाला काय तोंड दावू? अन् दोन्ही हातांनी त्या पिसाळल्याचा जबडाच धरला.’

तुमच्या कुत्र्यासाठी ती मधी पडली, अण्णा. जिच्या वयाचा हिशोब तुम्ही एका वाक्यात केलात ती.

आणि आता मी. तेवीस नोव्हेंबरला गुलाबचा कान शिवताना त्याचं डोकं कुणी धरलं होतं? तिनं. उजव्या हाताला हळद लावून फडकं बांधलेलं होतं. मी विचारलं, ‘हाताला काय झालं?’ म्हणाली, ‘काय न्हाय रे, इळीनं कापलं. तू त्याचं बघ.’ मी त्याचं बघितलं. इळीवर कापलेलं बोटाला लागतं. तिचं फडकं अंगठ्याच्या मुळाशी होतं, आणि रक्ताचे डाग हाताच्या दोन्ही बाजूंनी उमटले होते. मी गुरांचा डॉक्टर असलो तरी आंधळा नाही. फडकं सोड म्हणायला किती वेळ लागला असता? पण माझी यष्टी तीनला होती. अन् तिला सोलापूरला नेऊन पोटात चौदा सुया द्यायच्या म्हणजे चौदा दिवस अप्पांचा स्वयंपाक कोण करणार, हे तिच्या डोक्यात होतं आणि माझ्याही डोक्यात कुठंतरी होतं. तिनं सांगितलं ते मला सोयीचं होतं. मी ते घेतलं आणि यष्टी गाठली.

तुमच्या कुत्र्याला मी लस टोचली. जिनं आपल्याला वाढवलं तिचा हात पाह्यला नाही. वहीत ‘ताप’ लिहायला लावला तो यासाठी. ‘पिसाळ’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की डॉक्टर दुसऱ्याच दिवशी घरी आला होता ना?

म्हणून तुमचा फारम हातात आल्यावर मला जास्त संताप आला. तिसऱ्या कलमावर मी सही करायची म्हणजे ती कशानं मेली हे दुसऱ्यांदा, इंग्रजीत, सरकारी शिक्क्यानिशी पुसायचं. एकदा पुसलं ते मला पचलेलं नाही.

तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं का, हा प्रश्न पत्र आल्यापासून मला खातोय. अप्पा म्हणतात, ‘त्याला कायबी कळवलं न्हाय.’ मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. पण ‘वाचत बसू नकोस’ हे तुम्ही कशासाठी लिहिलंत? इतकी वर्षं यंत्रांचे नकाशे वाचणारा माणूस मला वाचू नको म्हणतो. याचं उत्तर मला नको. ते तुमचं तुम्ही स्वतःला द्या.

आता काय केलं ते सांगतो, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ येऊ नये.

परवा मुरुमला गेलो. मरणाची नोंद दुरुस्त करावी अशी दरख्वास्त दिली. आधी दिलेली माहिती मी जाणूनबुजून खोटी दिली, असं स्वतःच्या हातानं लिहून दस्तखत केली. त्याची नक्कल माझ्या वरिष्ठांना धाडली. चौकशी होईल, नोकरीवर येईल की निभावेल ते माहीत नाही. सिद्धम्मा त्या खोट्यापायी महिनाभर तशीच फिरतीय, तिच्या हातावर भाकरी भाजल्याचे चटके आहेत आणि त्याच हातांनी तिनं अक्काची लाळ पुसलीय. तिला उद्या मी स्वतः सोलापूरला नेतोय. तिथं तिची बहीण आहे, चौदा दिवस ती तिथंच राहील. मला तिथं ‘अक्का तापाची पेशंट होती’ असं सांगता येणार नाही, हे तुम्हालाही पटेल.

फारम कोरा परत करत नाही. भरून, तिसऱ्या कलमापुढं खरं काय ते लिहून जर्मन वकिलातीकडं धाडला आहे. तुम्ही लिहिलं होतंत की मी नाही म्हटलं तर मुंबईत कुणीही सही देईल. आता कुणी दिली तरी चालायची नाही. याला तुम्ही दगा म्हणाल. म्हणा.

अप्पांना सगळं सांगितलं तेव्हा ते गादीवरून उठले. म्हणाले, ‘घराची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस. थोरल्याच्या वाटेत काटे पेरलेस. पुन्हा या उंबऱ्यावर येऊ नको.’ मी म्हणालो, ‘अप्पा, अक्का तीस वर्षं या उंबऱ्याच्या आत राह्यली. तिची अब्रू कुणाची?’ ते आत गेले. मी निघालो तेव्हा दाराशी कुणी नव्हतं.

गुलाबला सोबत आणलंय. दवाखान्यामागं जाळीची खोली करून घेतलीय, तिथं तो एकटा असतो. मी आणि शिपाई बंडप्पा, आम्ही दोघंच जवळ जातो, तेही जपून. आजवर काही लक्षण नाही. मे संपेपर्यंत पाहीन. जगला वाचला तर माझ्याकडंच राहील. काय वाईट झालंच, तर ते माझ्या हातून होईल, दुसऱ्या कुणाच्या काठीनं नाही. त्या जनावराचा यात काहीच गुन्हा नाही, आणि त्याच्यावर माझा राग नाही.

विमलला ‘कुत्र्याला तिकडं घेत नाहीत’ असं सांगू नका. गुलाबचा जीव एका आजीनं वाचवला आणि त्यात ती गेली, असं सांगा. तिला समजेल. नाही समजलं तर मोठेपणी समजेल.

चौदा मार्चला अजून महिना आहे. तुम्हाला मुंबईहून यायला रात्रीची एक गाडी आणि सकाळची एक यष्टी लागते. तिची समाधी आपल्या मळ्यात, अव्वाच्या शेजारी आहे. अजून वर दगड बसवलेला नाही. अप्पा बसवणार नाहीत, आणि एकट्यानं बसवायला माझे हात धजत नाहीत. माझ्याशी बोलू नका हवं तर. पण जायच्या आधी एकदा या.

शांताक्काच्या दोन लेकांपैकी धाकटा,
महारुद्र