तिसराही निगेटिव्ह

१२ जुलै
कल्याणच्या लॅबमधून तिसरा रिपोर्ट आणला. एचआयव्ही, सिफिलिस, सगळं निगेटिव्ह. पहिल्या दोन्ही वेळीही निगेटिव्हच होतं. शहापुरात तपासायची सोय नाही, अर्धा तालुका ओळखीचा. लॅबवाला म्हणाला, तीन महिने कधीच उलटले, आता परत येऊ नका. मार्चमधली नाशिकच्या लॉजवरची ती रात्र आजपासून खलास. झालीच नव्हती असं धरायचं. मोबाइलवर लक्षणं शोधणं कायमचं बंद. आज भाविकाला सांगणार, कंबर बरी झाली, आतल्या खोलीत झोपतो.

१३ जुलै
सांगितलं नाही. घसा लाल वाटतोय. बायकोला उगाच धोका कशाला? तिच्यासाठीच मार्चपासून ओटीवर झोपतोय, कंबरेचं निमित्त काढून. ग्लास वेगळा, टॉवेल वेगळा. एवढं कोण करतं हो बायकोसाठी?

१९ जुलै
सुट्टी टाकून लावणीला उतरलो. दिवसभर चिखलात. एकदाही घसा आठवला नाही. सुटलो एकदाचा!

२२ जुलै
झालं! पायाच्या बोटांच्या बेचक्यांत खाज, आग, सालं निघतायत. मोबाइल फक्त एकदा बघितला. सिफिलिसचं पुरळ तळपायांवर उठतं, असं स्पष्ट लिहिलंय. घरात सगळ्यांनाच चिखल्या झाल्यात, मान्य. दरवर्षी होतात. पण माझी केस वेगळी.
कंपनीत वाल्मिकला विचारलं, एका मित्राचं म्हणून. म्हणाला, तुझ्या मित्राला सांग, पुढचा रिपोर्ट डोक्याचा काढ. चेष्टेवारी नेतो सगळं.

२४ जुलै
संध्याकाळी भाविका ओटीवर आली. वाटीत मेहंदीचा पाला वाटलेला. लावणीच्या सगळ्या बायांच्या पायांना लावून झाली होती, तिचे स्वतःचे पाय राहिले होते. माझा पाय मांडीवर घेतला. मी एकदम ओढून घेतला, वाटी पालथी. म्हणाली, ओ, माझ्या हाताची एवढी किळस आली का तुमाला? मी म्हटलं, कंबर दुखते. मेहंदी पायाला, कंबरेचा काय संबंध, हे नंतर लक्षात आलं. ती खाली बसून सांडलेली मेहंदी हाताने गोळा करत होती. रडत होती. फार वाईट वाटलं. पण तिच्या भल्यासाठीच ना?

८ ऑगस्ट
भाविका राखीला माहेरी गेली, मुरबाडला. आई म्हणाली, बॅग मोठी नेली रे तिनं. आईला सगळ्यातच काहीतरी दिसतं.

१६ ऑगस्ट
आली नाही. फोन तिच्या भावाने, मनोजने उचलला. म्हणाला, दाजी, ताई बोलते तुमची कंबर बरी झाली का येईन. किती विचार करते माझा!

१८ ऑगस्ट
शेवटी शहापुरातच स्किनच्या डॉक्टरकडे गेलो. खुर्चीवरून न उठता म्हणाले, चिखल्या. शेतकऱ्याच्या घरातले ना तुम्ही? मेहंदी लावायला घरात कोणी नाही का?
चिखल्या! नाचावंसं वाटलं. वाल्मिक म्हणतो, वहिनीला संशय आला असेल, बाहेर कोणीतरी आहे म्हणून. असेल तर उत्तम. माझ्याकडे लेखी पुरावा आहे. उद्या तिन्ही रिपोर्ट घेऊन मुरबाड. एकदा निगेटिव्ह वाचलं की प्रश्नच मिटला.

१९ ऑगस्ट
रिपोर्ट दाखवले. बारावी सायन्स आहे ती, सगळं कळलं. तारखा बघितल्या. मग विचारलं, चांगलं आलं, पण तुमी तपासलं कशापायी?
या प्रश्नाची तयारी नव्हती.
कंपनीचं चेकअप म्हणालो. म्हणाली, तीनदा? सासूबाईंनी आणलेला चहा तसाच गार झाला. निघताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, मला वाटायचं मीच नकोशी झाले. रोज आरशात बघायची, माझं काय बिघडलं म्हणून. एवढे महिने माझ्यातच खोट शोधत होते ओ मी.
मोटारसायकलवर रडू आलं. रिपोर्ट तिथेच राहिले.

२ सप्टेंबर
गौरीलाही आली नाही. आईने एकटीने गौर सजवली, माझ्याशी बोलली नाही. मेहंदीचा पाला मीच वाटला, मीच लावला. बोटांच्या बेचक्यांत आपल्या आपण नीट लागत नाही. तरी पाय बरे झालेत. खाज नाही, आग नाही. घसा साफ. उजेडात उभं राहून सगळीकडून बघितलं, एकही लक्षण नाही. आतल्या खोलीत झोपायला आता काहीच हरकत नाही.
ओटीवरच अंथरूण टाकलं.