तिसरी सही

मास्तर,

"सगळे पटापट हो म्हणायला लागले की समजावं, एकाचंच डोकं चाललंय," असं तुम्ही एका शनिवारी म्हणाला होतात. बाबांनी मान वर केली नाही, भाई हसले, आणि मी ते वाक्य बैठकीच्या वहीत लिहू की नको म्हणून पेन हातात धरून बसले. लिहिलं नाही. ठरलेलं तेवढं लिहायचं, बोललेलं नाही, अशी मला ताकीद होती. आज ती वही माझ्यासमोर आहे. तुमचं ते वाक्य तेवढं तिच्यात नाही.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. मुलुंडची ती पत्र्याची शेड तुम्ही पाहिलीत तेव्हा महाराष्ट्र अजून व्हायचा होता, आणि बाबांचा पितळी स्टोव्हचा कारखाना तुम्ही तिघं मिळून चालवत होतात. बाबा घाईचे. एखादी गोष्ट सुचली की ती कालच व्हायला हवी होती असं त्यांना वाटायचं. घाटकोपरचे भाई विक्री बघायचे. दुकानदाराच्या बायकोच्या गुडघेदुखीपासून बोलणं सुरू करून ते कधी ऑर्डरवर यायचे ते त्या दुकानदारालाही कळायचं नाही. आणि तुम्ही तपासणीचे. आधी तांत्रिक शाळेत शिकवलेलं, म्हणून सगळ्यांचे मास्तर. मी एकवीस वर्षांची, टायपिंग शिकून आलेली मालकाची मुलगी. पत्रं टाइप करायची, बैठकीची वही लिहायची आणि उरलेल्या वेळात तुमच्याकडून मोजमाप घ्यायला शिकायची. हात थरथरला की तुम्ही म्हणायचात, "घाई घरी ठेवून यायची." घाई कुठून आली होती ते आपल्या दोघांनाही माहीत होतं.

दर शनिवारी चारला बैठक. नव्या मालातला एक स्टोव्ह टेबलावर पेटवायचा, त्यावर मी चहा करायचा, आणि चहा होईपर्यंत तुम्ही तिघांनी भांडायचं. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय नवा माल शेडबाहेर जायचा नाही, हा नियम बाबांनीच केलेला. त्यांनी बनवलेला पहिला स्टोव्ह पाहून सगळ्यांनी वा वा केली आणि तुम्ही एकट्यानं तोंड वाकडं केलंत, म्हणून तुम्हाला घेतलं, असं ते आईला कौतुकानं सांगायचे. ते कौतुक नंतर नंतर आटत गेलं. तुम्ही वाकून टाकीला कान लावायचात, सांध्यावरून अंगठा फिरवायचात आणि म्हणायचात, "अजून नाही." भाई म्हणायचे, "मास्तर, तुमच्या लग्नात अंतरपाट दूर करतानासुद्धा तुम्ही अजून नाही म्हणाला असणार." तुम्ही हसायचा नाहीत. बशीत चहा ओतून घ्यायचात, आणि त्यावरून भाई ओळखायचे की तुम्हाला विनोद आवडला आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी बाबांनी टाकी जोडायची रीत बदलली. टाकीचे दोन भाग, वाटीवर वाटी पालथी घातल्यासारखे. जुन्या रीतीत त्यांच्या कडा एकमेकींत दुमडून मग वरून डाख, म्हणजे वितळवलेल्या कथलाचा सांधा, द्यायचा. नव्या रीतीत दुमड नव्हती, नुसता डाख. दिवसाकाठी दुप्पट टाक्या व्हायला लागल्या. भाईंनी नाशिकच्या बाजूची मोठी ऑर्डर आणली होती आणि बाबांना दिवाळीच्या आत माल पोचवायचा होता. तुम्ही म्हणालात, तापवून, निववून, पुन्हा तापवून आठ दिवस बघू द्या, पहिल्या दिवशी कुठलाच डाख सुटत नसतो. तीन शनिवार हेच चाललं. तिसऱ्या शनिवारी बाबांनी कप असा आपटला की चहा माझ्या वहीवर सांडला. "तुम्हाला दुसरा शब्द कुणी शिकवलाच नाही का हो?" तुम्ही खिशातला रुमाल काढून वही टिपलीत. तो डाग अजून आहे.

पुढच्या आठवड्यात बाबांनी मला बोलावलं आणि बैठक गुरुवारी घ्यायची नोटीस टाइप करायला सांगितली. गुरुवारी दुपारी तुम्ही आजारी बहिणीला बघायला घाटकोपरला जायचात, हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक. मी विचारलं, मास्तरांचं काय. ते म्हणाले, त्यांची प्रत त्यांच्या टेबलावर ठेव, दोननंतर. मी दोन वाजून दहा मिनिटांनी ठेवली. तुमची छत्री खुंटीवरून गेलेली आहे याची खात्री करून ठेवली.

ती बैठक मला अजून लख्ख आठवते, कारण ती फार छान झाली. चहाला उकळी यायच्या आत सगळं ठरलं. कुणी कुणाला तोडलं नाही. भाई थोडे गप्प होते, पण गुरुवारच का असं त्यांनी विचारलं नाही. वहीचं पान पहिल्यांदाच स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेलं. मग तिसऱ्या सहीची जागा रिकामी राहिली. बाबांनी वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "आज तू कर. तपासणी शिकतेस ना?" मास्तर, मला केवढा आनंद झाला होता. मी सही केली, खाली रेघसुद्धा मारली.

शुक्रवारी सकाळी तुम्ही वही वाचलीत. आता बोलतील, मग बोलतील, म्हणून मी टाइपरायटरवर एकच ओळ पुन्हा पुन्हा मारतेय. तुम्ही सरळ बांधून ठेवलेल्या खोक्यांतलं एक खोलता, स्टोव्ह उचलून बाबांच्या खोलीत आणता, टेबलावर ठेवता आणि पेटवता. बाबा कागदांतून डोकं वर काढत नाहीत. तुम्ही स्टोव्ह तापवता, विझवता, ओलं फडकं ठेवून निववता, पुन्हा पंप मारता. चार वाजता ट्रक येणार. जेवणाची सुट्टी होते, संपते. तुमचा डबा तसाच. खोलीत रॉकेलचा वास भरलाय, स्टोव्हचा आवाज चढतोय, उतरतोय, आणि आपण तिघं एकमेकांकडे न बघता बसलोय. साडेतीनला भाई दारात येऊन उभे राहिले, हातातल्या घड्याळाकडे बघत.

तुम्ही सांध्यावर साबणाचा फेस लावलात. वाकलात. मग बाबांना नाही, मला हाक मारलीत. "इकडे ये. सही तुझी आहे, तूच बघ."

मी वाकले. फेसात एक बुडबुडा होता, मोहरीएवढा. फुटला, पुन्हा आला. माझ्या पाठीमागे बाबांची खुर्ची करकरली. "काय गं, आहे का काही?"

मी म्हणाले, "मला तर काही दिसत नाही."

मग भाई आत आले, चष्मा कपाळावर चढवून टाकीपर्यंत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. ऑर्डर त्यांची होती. ट्रक गेला नाही तर सगळ्यात जास्त त्यांचं नाक कापलं जाणार होतं. ते उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, "शेठ, मी बायकांच्या स्वयंपाकघरात बसून, त्यांच्या हातचा चहा पिऊन हा स्टोव्ह विकतो. पुढच्या खेपेला त्याच घरात जायचंय मला. ट्रक परत पाठवा." बाबांचा चेहरा तांबडा झाला. वाटलं आता सगळं मोडणार. पण ते उठले, बुडबुडा स्वतः पाहिला आणि शेडमध्ये गेले. दहा मिनिटांत त्यांनी सगळं काम उलटं फिरवलं. प्रत्येक टाकी पुन्हा दुमडून पाच दिवसांत तयार करून घेतली. ते त्यांच्याशिवाय कुणाला जमलं नसतं. भाई नाशिकला गेले आणि उशीर सांगून आले, तोही असा की त्या व्यापाऱ्यानं त्यांना निघताना पेरूंची पाटी दिली. बुडबुडा शोधणं तुमचं, ट्रक अडवणं भाईंचं, पाच दिवसांत माल उभा करणं बाबांचं. तिघांपैकी कुणाचा एक गुण दुसऱ्याला उसना घेता आला नसता. हे मला तेव्हा कळलं नाही. मी फक्त मला कुणी काही विचारतंय का याची वाट बघत होते.

तुम्हीही विचारलं नाहीत. सोमवारी माझ्या टेबलावर तुमचं भिंग होतं, चामड्याच्या पाकिटातलं. म्हणालात, "डोळे तपासून घे. तोवर हे वापर." तुम्ही मला खरंच कमी दिसतं असं समजलात, की मला लाज राखायला जागा करून दिलीत, हे मी दोन वर्षं तुमच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. मग तुम्ही गेलात.

माझे डोळे चाळिशीपर्यंत उत्तम होते, मास्तर. मला तो बुडबुडा दिसला होता.

आता बाबांच्या खुर्चीवर मी बसते. आपण गॅसच्या शेगड्या करतो. शनिवारची बैठक आहे, चहाही आहे. माझे लोक हुशार आहेत, मी एकेकाला निवडून घेतलंय, आणि आमचं फार पटकन जमतं. फक्त एक मुलगी आहे, पवईच्या संस्थेतून इंजिनियर होऊन आलेली. शेगडीच्या नव्या कॉकवर, म्हणजे गॅस सुरू-बंद करायच्या चावीवर, ती महिनाभर अडून बसली आहे, अजून तपासू द्या म्हणते. बोलायची रीत नाही, थांबायचं ठाऊक नाही. मागच्या शनिवारी सगळ्यांसमोर मला म्हणाली, "मॅडम, तुम्हाला पटलंय म्हणून यांना पटलंय." माझा कप बशीवर इतक्या जोरात आदळला की सगळे दचकले.

ती बुधवारी कामासाठी ठाण्याला जाते. बुधवारच्या बैठकीची नोटीस मी स्वतः टाइप केली आहे, कुणाला सांगितलं नाही. ती खणात आहे, तुमच्या भिंगाखाली, आणि हे पत्रही तिथेच राहील. दिवाळी तोंडावर आली आहे, मास्तर. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. तरी मागते. या एकाच वेळी, फक्त माझ्यासाठी, हो म्हणा.