खांब चौदा बटे नऊ जागेवर ठेवण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावीस, धंदा ठरावीक नाही, सध्याचा पत्ता इस्पितळाची खोली नऊ, खिडकीकडची खाट, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे, डोक्यात नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. शाळेतल्या मास्तरांचं मत वेगळं होतं, ते इथे ग्राह्य धरू नये. उद्या सकाळी छाती उघडणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "शक्यता चांगली आहे." मी विचारलं, "किती चांगली?" तर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. म्हणून आजच लिहिते.

मला सगळे भिंगरी म्हणतात. बाबांनी ठेवलेलं नाव. मी एका जागी टिकत नसे. तीन शाळा बदलल्या, चौथी सोडली. मग लॉन्ड्रीत होते, रोपवाटिकेत होते, एका मालवाहू बोटीवर बटाटे सोलायला होते. त्या बोटीवरचा आचारी झोपेत गायचा, आणि जागेपणी त्याला एक ओळ येत नसे. ते असो.

कलम एक. पाठपिशवी आणि तंबू चुलतभावाला. त्याने तीनदा मागितला होता आणि मी तीनदा खोटं बोलले की फाटला आहे. फाटलेला नाही. उजवी चेन अडकते, तेव्हा ओढू नये, मेणबत्ती घासावी.

कलम दोन. बँकेत जे असेल ते आईचं. देहाचं काय करायचं तेही आईनेच ठरवावं.

कलम तीन. मोजायचं चाक सायकल दुरुस्तीवाल्या दादांना परत. त्यांनीच जुन्या चाकाला आकडे फिरणारं यंत्र बसवून दिलं होतं. या पत्राप्रमाणे सगळं पार पाडायची जबाबदारीही त्यांच्यावर टाकते. ते चिडतील आणि मग करतील.

कलम चार. आता खरी मालमत्ता. ती एकतीस किलोमीटर लांब आहे आणि संगणकाला जोडायच्या पत्र्याच्या एका डबीत मावते.

बाबा ज्या विजेच्या रेल्वेवर ड्रायव्हर होते ती बंद होऊन अठरा वर्षं झाली. तारा तांब्याच्या भावाने गेल्या, रूळ भंगारात गेले, शेवटच्या स्टेशनात आता गाद्यांचं गोदाम आहे. ती लाइन मी संगणकावरच्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये, म्हणजे गाडी चालवायच्या खेळात, पुन्हा बांधली. सहा स्टेशनं, दोन पूल, एक बोगदा, आणि वरची तार धरणारे सहाशे अठरा खांब. लोखंडी खांब विकले गेले तरी त्यांचे पाये जमिनीत राहिले होते. चाक ढकलत मी एकेक पाया शोधला, मोजला आणि संगणकात त्याच जागी खांब उभा केला. चार वर्षं लागली, कारण मधे मधे मी निघून जात असे. बोगद्यात वटवाघळंही घातली. काही गरज नव्हती, तीन आठवडे गेले.

आज चारेकशे लोक ठिकठिकाणी बसून ही लाइन चालवतात. त्यांतला स्वतःला ब्रेकमास्तर म्हणवणारा एकजण कित्येक महिने लिहीत होता की भोंग्याचा आवाज चुकलाय. त्याला काहीही देत नाही. भोंगा बरोबर आहे.

लोकांना वाटतं मला रेल्वेचं वेड. मला गाडीत मळमळतं. मी लाइन बांधली ती बाबांना खरं ठरवायला.

बावीस वर्षांपूर्वी, मी पाच वर्षांची असताना, बाबांची गाडी चौदाव्या किलोमीटरवरचा तांबडा सिग्नल ओलांडून पुढे गेली. पुढे दोन कामगार रुळाचे बोल्ट आवळत होते. दोघेही गेले. इंजिन घसरलं आणि शेजारचा खांब, चौदा बटे नऊ म्हणजे चौदाव्या किलोमीटरचा नववा, आडवा झाला. चौकशीत बाबांनी सांगितलं, सिग्नल दिसलाच नाही. महिन्यापूर्वी नवा खांब रोवला तो सिग्नलच्या अलीकडे रोवला, त्याच्यावरच्या मोठ्या पेटीआड सिग्नल झाकला गेला. खांब रोवणारा मुकादम म्हणाला, "खूण सिग्नलच्या पलीकडे होती. मी खुणेवरच रोवला." पण रूळ मोकळे करायच्या घाईत खांब उचलून नेला होता आणि पायावर खडी पसरली होती. मोजायला कोणी गेलं नाही. बाबांचं ऐकलं. मुकादमाची नोकरी गेली, वर अठरा महिने तुरुंग.

आमच्या घरात त्याला नाव नव्हतं, 'तो खांबवाला' एवढंच. जवळच्या किराणा दुकानाची वाट त्याच्या दारावरून जाते म्हणून आई बावीस वर्षं लांबच्या दुकानातून पिशव्या ओढत आणते.

गेल्या वर्षी मी चाक घेऊन त्या जागी पोचले. काटेरी झुडपं माजली होती. सिग्नलचा पाया लगेच मिळाला. खांबाचा पाया मी सिग्नलच्या अलीकडे शोधत होते, बाबा म्हणाले होते तिथे. तासभर खणत होते. मागून आवाज आला, "तिथे काही सापडायचं नाही, पोरी."

काठी टेकत एक म्हातारा उभा होता. म्हणाला, "ड्रायव्हरची ना तू? चालतेस त्याच्यासारखी."

मी म्हटलं, "तुम्ही कोण?"

"मी तो खांबवाला," तो म्हणाला. आमच्या घरातला शब्द त्याच्यापर्यंत पोचलेला होता.

त्याने काठीने सिग्नलच्या पलीकडची झुडपं बाजूला सारली. काँक्रीटचा चौकोन, त्यात मुळापासून तुटलेले चार बोल्ट. मी चाक फिरवलं. सिग्नलच्या पुढे सहा मीटर. पुढे असलेला खांब मागच्या सिग्नलला कसा झाकणार? मी दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं.

"मोज, मोज," मुकादम म्हणाला. "इतक्या वर्षांत मोजणारी तू पहिलीच."

"तुम्ही कोणाला दाखवलं का नाही?"

"तुरुंगातून सुटलेल्याबरोबर झुडपात कोण येतं?" मग म्हणाला, "तू म्हणे खेळ बनवतेस, आमच्या लाइनीचा. खरा खांब तर गेला. तुझ्या खेळात तरी माझा खांब जागेवर असू दे."

मी म्हटलं, "हो काका."

त्याच आठवड्यात मी तो तुकडा बांधला. आई शेजारी बसली होती. आधी खांब खऱ्या जागी ठेवून गाडी चालवली. सिग्नल लांबूनच दिसला, लालभडक, पूर्ण सोळा सेकंद. सोळा सेकंदांत गाडी आरामात थांबते. आईने हातातला टॉवेल पुन्हा उलगडून पुन्हा घडी घातली. मी म्हटलं, "थांब, हे चुकलंय." आणि खांब अकरा मीटर मागे ओढला, सिग्नलच्या अलीकडे. पुन्हा चालवली. आता दोन सेकंद. आई म्हणाली, "बघ. दिसत नाही ना? सांगत नव्हते मी!"

लाइन तशीच लोकांना दिली. लोकांनी लिहिलं, बिचारा ड्रायव्हर. मी ते आईला वाचून दाखवलं.

मग स्टेशनांच्या वेळा हव्या होत्या म्हणून बाबांची ट्रंक उघडली. ते जाऊन सहा वर्षं झाली होती आणि ट्रंकेला कोणी हात लावला नव्हता. वेळापत्रकाच्या मागच्या पानावर पेन्सिलने चार ओळी होत्या. वर एक अक्षर, खाली दोन, मग तीन, मग चार. मी पहिली ओळ वाचली आणि उरलेल्या तीन न बघता म्हटल्या. मला त्या पाठ होत्या. बाबा दाढी करताना म्हणायचे. मी लहानपणी ते गाणं समजून लंगडी घालताना म्हणत असे.

तो डोळे तपासायचा तक्ता होता. हस्ताक्षर बाबांचं नव्हतं.

मी पान आईसमोर धरलं. "हे अक्षर तुझं आहे."

आईने पान हातात घेतलं नाही. म्हणाली, "डावा डोळा गेला होता त्याचा. दर वर्षी तपासणी असायची. मी माझा डोळा दाखवायचं निमित्त करून गेले आणि तक्ता पाठ करून आले."

"सिग्नल डावीकडे होता, आई."

"मला शिकवतेस?"

"दोन माणसं मेली. तिसरा तुरुंगात गेला."

"तुझं हृदय जन्मापासून असं. औषधं रेल्वेच्या दवाखान्यातून यायची. नोकरी गेली असती तर... तुझ्यावर ढकलत नाहीये. विचारलंस म्हणून सांगितलं."

"त्यानंतरही चार वर्षं ते गाडी चालवत होते."

"रोज दारात उभी असायची मी. तू लंगडी घालायचीस आणि मी दारात उभी." मग तिने पान उलटं करून ठेवलं. "मी मेल्यावर काय ते कर. तोवर राहू दे खांब आहे तिथे."

मी ऐकलं. चार वेळा फाइल उघडली, चार वेळा बंद केली आणि पाचव्यांदा गाव सोडून निघून गेले, जे मला नेहमी जमतं. वाटेत एका पुलाच्या पायऱ्यांवर कोसळले, म्हणून इथे आहे.

कलम पाच. खांब चौदा बटे नऊ अकरा मीटर पुढे, सिग्नलच्या पलीकडे, त्याच्या खऱ्या जागी न्यावा. लाइन ज्यांनी ज्यांनी घेतली आहे त्या सगळ्यांना कळवावं की आधीची जागा खोटी होती आणि ती ड्रायव्हरच्या मुलीने जाणूनबुजून खोटी केली. बाकी मृत्युपत्र मी मेले तर लागू. हे कलम मी जगले तरी उद्यापासून लागू.

कलम सहा. ती लाइन, संगणक आणि डबीसकट, मुकादमकाकांची. त्यांना चालवता येणार नाही, हात थरथरतात. दादांनी शेजारी बसून चालवावी आणि चौदाव्या किलोमीटरवर गाडी थांबवावी. वेळापत्रकाचं ते पानही काकांना द्यावं. ते त्याचं काय करतात, कुठे नेतात, हा त्यांचा हक्क. बाबांची इंजिन चालवायची पितळी मूठ मात्र आईकडे राहावी. माणूस चांगला होता, हे मी अजूनही म्हणते. ते कुठल्या कलमात बसवायचं मला कळलं नाही.

हे सगळं मी आत्ता मोठ्याने वाचून दाखवलं. साक्षीदार म्हणून वॉर्डातली नर्स आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा नवरा, जो शिंपी आहे, असे दोघे उभे आहेत. आई स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "मी मेल्यावर म्हटलं होतं ना तुला?"

मी म्हटलं, "आधी कोण, ते अजून ठरलेलं नाही, आई."

शिंप्याने छताकडे बघितलं. मग आईने हात पुढे केला. "पेन आण इकडे."

नर्स म्हणाली, "मावशी, तुम्हाला साक्षीदार होता येणार नाही. तुमच्या नावाने ठेवलंय ना यात."

"साक्षीदार कशी होईन?" आई म्हणाली. "मीच केलंय ते. नुसतं पान दिलं तर लोक म्हणतील, कोणाचं अक्षर कोण जाणे. ताडून बघायला काहीतरी नको का?"

खालच्या चार ओळी तिने माझ्या डोळ्यांदेखत, कुठेही न बघता लिहिल्या आहेत.

ट
प ल
म र ग
न व ढ स

वरील ओळी लिहिणारी: ड्रायव्हरची बायको, भिंगरीची आई. (सही)

मृत्युपत्र करणारी: भिंगरी. (सही)

आम्ही दोघांनी एकमेकांसमोर, दोन्ही बायकांना शुद्धीवर पाहून सही केली: वॉर्डातली नर्स. (सही) शिंपी, खाट दहाच्या बाईंचा नवरा. (सही)

ठिकाण: खोली नऊ, तिसरा मजला.
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मंगळवार, सकाळचे सव्वाअकरा.