तिसरी पाटी

सर, माझं सगळं बदललं तो क्षण मला घड्याळासकट आठवतो. शहापूरच्या क्लासात, एक नंबरच्या मशीनवर, दुपारी सव्वातीनला मी 'वाय' दाबलं. काळ्या पडद्यावर मशीन विचारत होतं, सगळ्या फायली जातील, नक्की का? वाय की एन? तुम्ही खाली खताच्या दुकानाशेजारी चहाला गेला होता. जाताना म्हणाला होता, "डोळखांब, बघ रे जरा इकडं." क्लास माझ्यावर टाकून गेला होता. आमच्या घरी आई अजून म्हणते की पोरगं त्या पोरीपायी वाया गेलं, कॉलेज सोडलं तिथं संपलं. तिला काय माहीत. मी संपलो तो त्या दुपारी, आणि हे दोघांनाच ठाऊक होतं. त्यातले एक तुम्ही.

तुम्ही आम्हाला गावाच्या नावाने हाक मारायचात. हजेरीच्या वहीत नावं होती, पण तुमच्या तोंडात नाही. मी डोळखांब, ती सापगाव, आणि मुरबाडहून तुमच्या एम-एटी स्कूटरवर मागे बसून यायचा तो वैशाखरे. तो शिकायला म्हणून तुमच्याच घरी राहायचा. खोलीबाहेर चपलांचा ढीग, आत चार मशिनं, त्यातली दोन धड. निळ्या रेक्झिनची झाकणं तुमच्या घरी काकूंनी शिवलेली. अकरावी-बारावीची आम्ही बावीस पोरं. "कॉलेजात गेल्यावर शहरातली पोरं पुढच्या बाकावर बसतील नि तुमी मागं. म्हणून आत्ताच शिका," असं तुम्ही सांगायचात. आणि लाइट तर बाराला जायची ती कधी चारला यायची, कधी नाहीच. म्हणून पाट्या. शाळेतल्या दगडी पाट्या तुम्ही कुठून तरी जमवल्या होत्या. लाइट गेली की आम्हीच मशीन व्हायचो. एकाने पाटी घेऊन उभं राहायचं, तो ए. दुसरा बी. तुम्ही प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचायचात आणि आम्ही पाटीवरचा आकडा पुसून नवा लिहायचा. ओल्या फडक्याचा तो वास अजून माझ्या हाताला येतो.

ए आणि बी यांची अदलाबदल करायची होती त्या दिवशी मी ए होतो, ती बी. माझ्या पाटीवर सात, तिच्या पाटीवर बारा. तुम्ही म्हणालात, करा. मी कशाला थांबतोय? माझे सात पुसले नि तिचे बारा उतरवून घेतले. मग तिने माझ्या पाटीकडे पाहिलं, तर तिथेही बारा. तिने पाटी खाली केली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काय रे डोळखांब, तुझे सात कुठं गेले? खाल्लेस काय?" बाकीची सगळी पोरं खिदळली. तुम्ही हसला नाहीत. खुर्चीमागून एक कोरी पाटी काढून माझ्यापुढे धरलीत. "ही तिसरी. आधीचं हिच्यावर ठेव, मग पूस. घाई तुझ्या हातात आहे रे, डोक्यात नाय. डोकं चांगलं आहे तुझं." मला यातलं काही ऐकू आलं नाही. ती हसताना पदरासारखी ओढणी तोंडाला लावते एवढंच मी बघत होतो. माझ्यावर हसलेल्या माणसाच्या प्रेमात मी पडलो, सर. त्यात माझी चूक किती नि वयाची किती, ते तुम्हीच ठरवा.

बारावीच्या दिवाळीनंतर ती आणि वैशाखरे क्लास सुटल्यावर थांबायला लागले. एक नंबरच्या मशीनवर दोघं शेजारी शेजारी, तो वाचतोय, ती टाइप करतेय. मी जिन्यात उभा राहून एसटी चुकवायचो. एकदा विचारलं, "काय चाललंय गो एवढं?"

"सरांचं काम हाय."

"कसलं?"

"तुला कशाला सांगू? तुझ्या पोटात काय राहतंय?"

वैशाखरे म्हणाला, "आताच नको रे. मार्चमध्ये कळेलच तुला." तो बिचारा सरळ बोलला. मला ते लग्नाच्या तारखेसारखं ऐकू आलं.

तर त्या दुपारी नेमकी लाइट गेली नव्हती, तुम्ही चहाला गेलात आणि मी एक नंबरवर बसलो. एक फोल्डर सापडलं, त्याचं नाव नुसतं एस आणि व्ही. सापगाव, वैशाखरे. आत एक ते चौतीस अशा फायली. एक उघडून पाहिली तर अक्षरांचा नुसता चिवडा, इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, उद्गारचिन्हं, कशाचा कशाला मेळ नाही. मी म्हटलं, हे दोघं आपापसात गुप्त भाषेत लिहितात. चौतीस पत्रं! आपल्या नाकासमोर! सर, काळ्या पडद्यावर मराठी फॉन्ट तसाच दिसतो हे तुम्ही आम्हाला महिन्यापूर्वीच शिकवलं होतं. विंडोज सुरू करून उघडलं असतं तर पहिल्याच ओळीत तुमचं वाक्य दिसलं असतं. विंडोज सुरू व्हायला तेव्हा तीन मिनिटं लागायची. तेवढी तीन मिनिटं माझ्याकडे नव्हती. कान तापले होते. मी पुसायची आज्ञा दिली, मशीनने अदबीने विचारलं, मी वाय दाबलं.

आणि मग घाबरलो. जागा रिकामी दिसली तर कळेल म्हणून दुसऱ्या दिवशी घरून फ्लॉप्या आणल्या आणि गाड्यांच्या शर्यतीचा तो गेम तिथे चढवला. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या नावांनी.

तुम्ही कल्याणहून एका माणसाला आणलंत. तो मशीन उघडून तासभर बसला, आम्ही भिंतीला टेकून उभे. तो म्हणाला, "साहेब, पुसलं की लगेच जात नाही. नाव तेवढं जातं, आतलं तसंच असतं. त्याच्यावर दुसरं काही बसलं की मग जातं. कोणी काही टाकलंय का यात?" तुम्ही पडद्याकडे पाहिलंत. गाड्यांचा गेम तिथे होता, आणि तो गेम अख्ख्या क्लासात कोणाकडे होता ते खालच्या खतवाल्यालाही माहीत होतं. तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही हो. पाटीवरचा चुकलेला आकडा बघावा तसं. मग त्या माणसाला म्हणालात, "परवा लाइट फार खालीवर होत होती. त्यातच गेलं असेल."

सापगाव खाली बसली आणि रडायला लागली. "चौतीस धडे, सर. दिवाळीपासून बसलो आमी." तेव्हा मला कळलं. तुम्ही पुस्तक लिहीत होता. आमच्यासाठी, मराठीत, प्रोग्रॅमिंगचं. त्यात एसटीचं वेळापत्रक होतं, डेअरीवरच्या दुधाची फॅट होती, कुठल्या खाचरात किती रोपं लागतील ते होतं. निरोप समारंभाला प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत द्यायची म्हणून ते दोघं गप्प होते. आणि हाताने लिहिलेलं? ते तर तुम्ही टाइप झालं की आम्हालाच वाटून टाकायचात, पाठकोरे कागद म्हणून. त्यांच्या मागच्या बाजूला आम्ही आमचे प्रोग्रॅम लिहायचो. परीक्षा तोंडावर होती, ती पानं परत कोणी गोळा केली नाहीत. एवढे महिने तुमचं पुस्तक माझ्या दप्तरात होतं, सर. मी एकदाही पान उलटून वाचलं नाही.

त्यानंतर तुम्ही मला एक शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. थोबाडीत मारली असती तर मी उलटून बोललो असतो, भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तुम्ही काय केलंत? जुलैत आमच्या पाड्यावर आलात. मला इंजिनिअरिंगला नंबर लागला होता आणि बा सोडायला तयार नव्हता, लावणी चालू होती, माणूस मिळत नव्हतं. बा चिखलातूनच म्हणाला, "मास्तर, तुमचा कंप्युटर भात लावील काय?"

"नाय लावणार," तुम्ही म्हणालात. "पण मी लावतो. तुमी याला सोडा." आणि चपला बांधावर काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तुम्ही खाचरात उतरलात. दुपारपर्यंत वाकून लावत होता. तुमची ओळ वाकडी जात होती. आई हसून बाला म्हणाली, "मास्तराची ओळ बघा, साप गेल्यासारखी," तरी बाने तुमची ओळ पुन्हा लावली नाही. त्या वर्षी ती तशीच वाढली. भाकरी आणि सुकट खाऊन निघताना तुम्ही पिशवीतून पाटी काढलीत. तिसरी. कोरी. म्हणालात, "हिच्याबरोबर जा." बस, एवढंच. मला कळलं की तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला कळलं की मला कळलं. आणि मी काय केलं, तर वाकून पाया पडलो आणि बोललो नाही.

कॉलेजचं तुम्हाला ठाऊकच असेल. दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी शहापूरच्या स्टँडवर ती भेटली. मी इतकी वर्षं साठवलेलं सगळं एका दमात बोललो. ती शांतपणे म्हणाली, "माझं ठरलंय रे. आणि वैशाखरेशी नाय, उगाच त्याच्या अंगावर जाऊ नको. तुझ्याशी तर कधी काय नव्हतंच, डोळखांब." दुसऱ्या दिवशी पेपर समोर आला, मी त्याची घडी घातली आणि वर्गाबाहेर पडलो. शिपाई मागून ओरडत होता. मग भिवंडीच्या गोदामात माल उतरवायला लागलो. तुम्ही वैशाखरेला दोनदा पाठवलंत. तो गोदामाच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "सर म्हणतात, ये. कॉलेजात मी बोलतो. वर्ष गेलं तर गेलं." मी त्याला म्हटलं, सरांना सांग, मला शिकायचं नाय. सर, मला शिकायचं होतं. मी आलो असतो तर तुमच्यासमोर बसावं लागलं असतं आणि मग ते सांगावं लागलं असतं. पोरीपायी कॉलेज सोडलं हे खरंच आहे. पण परत आलो नाही ते तुमच्यापायी. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. प्रेमभंग सांगायला सोपा असतो, लोक चहा पाजतात.

पुढच्या वर्षी मुरबाडच्या स्टँडवर फळ्यावर खडूने तुमचं नाव लिहिलेलं वाचलं. भावपूर्ण श्रद्धांजली. अंत्ययात्रा किती वाजता तेही होतं. अजून तास होता. तेवढ्यात माझी गाडी लागली आणि मी चढलो. खिडकीतून तुमच्या गल्लीचं वळण गेलं.

आता मी मुरबाडलाच असतो. झेरॉक्स, फॉर्म भरणं, मोबाइल रिचार्ज, आणि दुपारी मागच्या खोलीत अकरावी-बारावीच्या पोरांचा क्लास. लाइट अजून जाते. माझ्याकडे पाट्या आहेत. पोरं मला हसतात, "सर, आता लॅपटॉपचा जमाना," म्हणतात, पण उभी राहतात. मीही त्यांना गावाच्या नावाने हाक मारतो. कालच एका पोराने अदलाबदलीत आपला आकडा घालवला आणि मी ओरडायच्या ऐवजी त्याच्यापुढे कोरी पाटी धरली.

श्रावणात काकू दुकानात आल्या होत्या, कसल्याशा दाखल्याची झेरॉक्स काढायला. त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "यांच्या पुस्तकाची पानं तुमा पोरांकडं गेली होती. तुझ्याकडं हायेत का रे काही?" घरी पोटमाळ्यावर माझी जुनी गठडी होती. उंदरांनी कडा खाल्ल्या होत्या, पण होती. माझ्या बाजूला माझे चुकलेले प्रोग्रॅम, लाल शाईत तुमच्या खुणा. पान उलटलं. 'धडा सातवा. समजा तुम्ही डोळखांबहून निघालात...' सर, तुम्ही मला धड्यात घातलं होतंत. मी गठडीपाशीच बसून राहिलो.

मग वैशाखरेकडून मिळाली, अजून तिघांकडून मिळाली. सापगावनेही सासरहून तिच्या भावाबरोबर पाच पानं पाठवली, वर चिठ्ठी, 'नीट टाइप कर, घाई करू नको.' चौतीसातले एकोणीस धडे झाले. आता मशीनला मराठी सरळ कळतं, फॉन्टची भानगड नाही. रोज एक पान टाइप करतो आणि तीन ठिकाणी ठेवतो.

काल काकूंच्या घरी छापलेली पानं नेऊन दाखवली. त्यांनी तुमचं नाव बोटाने पुसल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "पहिल्या पानावर तू लिही काहीतरी. पुस्तक कसं गेलं, कसं परत मिळालं. मेली ती लाइट! तू होतास ना रे तिथं तेव्हा?"

मी म्हटलं, "होय काकू, होतो."

"लाइटीनेच गेलं ना?"

मी म्हटलं, "होय."

एवढी वर्षं मी गप्प होतो, ते निदान खोटं तरी नव्हतं. काल पहिल्यांदा बोललो आणि खोटं बोललो, तेही तुमच्या खुर्चीत बसून. म्हणून आज दुकान लवकर बंद केलं आणि तुम्हाला लिहायला बसलो. हे पत्र जाणार कुठे? खणात त्या तिसऱ्या पाटीखाली ठेवेन. पहिलं पान मात्र छापलं आहे. त्यावर दोनच ओळी आहेत. 'हे पुस्तक लाइटीने गेलं नव्हतं. क्लासातल्या एका मुलाने रागाच्या भरात पुसलं होतं, तो मी.' खाली माझं नाव, गाव नाही. ते पान खिशात आहे. काकूंचं घर इथून पाच मिनिटांवर. पण खरं सांगतो सर, वळणावर पोचेपर्यंत मी ते चुरगळून टाकणार नाही याची खात्री मला नाही. माझ्या हाताचं तुम्हाला माहीत आहेच. म्हणून त्याची दुसरी प्रत काढली आणि वैशाखरेच्या पत्त्यावर पाठवून दिली, सकाळीच.

लाइट गेली. दिसतंय तोवर निघतो. हे ठेवून खण लावतो. चपला घालतो. बाहेर पडून दार ओढून घेतो.