डेबोराची न्याहारी

१ जानेवारी, मंगळवार
संकल्प लिहूनच ठेवतो. गेल्या वर्षी लिहिले नव्हते, म्हणूनच पाळले गेले नाहीत.

प्रार्थना संपल्यावर चर्चच्या दारातच मिसेस बफ्टननी गाठलं. ऐंशीची बाई, पण काठी टेकण्यापेक्षा रोखण्यासाठीच जास्त वापरते. म्हणाल्या, ह्यूबर्ट प्रीस, तुझ्या सशांनी माझ्या मेंढ्यांचा कोबी फस्त केला. मी म्हटलं, ससे माझे नाहीत. त्या म्हणाल्या, बांधावर शिकारीची परवानगी तुझी ना? मग ससेही तुझेच. कँडलमसच्या सणापर्यंत, दोन फेब्रुवारीपर्यंत, वाट बघते. तोवर कमी झाले नाहीत तर बांध लायनेलला.

लायनेल म्हणजे ग्वेनचा भाऊ, माझा मेहुणा. त्याच्या एअरगनला अंधारात दिसणारी दुर्बीण आहे. देवाने अंधार कशाला केला असेल, याचा विचार त्याच्या मनाला कधी शिवलेला नाही.

ही परवानगी माझ्या वडिलांना मिस्टर बफ्टननी हातात हात घेऊन दिली होती. बांधाच्या टोकाला ॲशच्या झाडाचा एक आडवा पडलेला ओंडका आहे. वडील त्याच्यावर बसत, आता मी बसतो. आठवडाभर कौन्सिलसाठी रस्त्याकडेच्या चऱ्या उपसल्यावर तेवढी एकच जागा उरते, जिथे मला कोणी काही विचारत नाही. देवाशी बोलणंही तिथेच नीट होतं. अर्थात मुख्य गोष्ट शिकार.

संकल्प: ससे संपवायचे. आणखी एक संकल्प होता, चांगला होता, पण चहा पिताना विसरलो.

५ जानेवारी, शनिवार
पहाटे निघायचं ठरवलं होतं. नऊला उठलो. हिवाळ्यात पहाटच उशिरा होते.

डेबोराला न्याहारी दिली. अंडं, थोडं दूध, कोंबडीची मान. डेबोरा माझी फेरेट. मुंगसासारखी लांबुडकी, रंगाने पांढरी, डोळे लाल, स्वभाव विचारी. काम तसं सोपं आहे. बिळांच्या तोंडांवर जाळ्या लावायच्या, फेरेटला आत सोडायचं, की ससे घाबरून बाहेर धावतात आणि जाळ्यांत अडकतात. आज सगळं व्यवस्थित झालं. जाळ्या लागल्या, डेबोरा आत गेली. फक्त ससे बाहेर आले नाहीत. डेबोराही आली नाही. मी ओंडक्यावर बसलो. रॉबिन पक्षी आला, बुटावर बसला, गेला. दिवस मावळताना डेबोरा जांभई देत बाहेर आली.

ग्वेनने विचारलं, ससा सोलायचा आहे की अंडी उकडू?

अंडी उकडली.

६ जानेवारी, रविवार
चर्चची घंटा वाजवायला लायनेल माझ्या शेजारच्या दोरावर असतो. दोर ओढता ओढता म्हणाला, काल सकाळी तिला खायला घातलं होतंस? मी म्हटलं, म्हणजे काय! कामावर जाणाऱ्याला उपाशी पाठवायची आमच्या घरात पद्धत नाही. तो म्हणाला, अरे बाबा, पोट भरलेली फेरेट बिळात जाऊन ताणून देते. आत ऊब, खाली मऊ माती, ती कशाला सशांच्या मागे धावेल? सगळा गाव आदल्या रात्रीपासून काही देत नाही. मी म्हटलं, सगळा गाव काय काय करतो ते मला ठाऊक आहे.

त्या नादात दोर सुटला. घंटेचा एक ठोका जास्त पडला. लोकांच्या लक्षात आलं नाही. आलं असावं.

डेबोरा झोपत नाही. ती जागेचा अभ्यास करते.

९ जानेवारी, बुधवार
एअरगनचा सराव. परसातल्या भिंतीवर बीन्सचा रिकामा डबा ठेवला. डबा जागच्या जागी राहिला, शेजारच्या काचघराची काच गेली. बंदुकीचा नेम बिघडलेला आहे हे आजच कळलं, हे बरं झालं. संध्याकाळी लायनेल आला. त्याच बंदुकीने त्याने तोच डबा उडवला. योगायोग.

१२ जानेवारी, शनिवार
सशांना जरा उसंत दिली. बेसावध होतील.

त्याऐवजी मिसेस बफ्टनच्या तळ्यातला पाइक मासा धरून त्यांना खूश करायचं ठरवलं. हा मासा दर वसंतात त्यांच्या बदकांची पिल्लं गिळतो. गावात त्याला बिशप म्हणतात. मला हे नाव पटत नाही, पण तोंड पाहिलं की दुसरं सुचतही नाही.

गळ टाकला, दांडी काठावरच्या दुबेळक्यावर टेकवली आणि देवाचे आभार मानायला डोळे मिटले. उघडले तेव्हा दांडी नव्हती. ती तळ्याच्या मध्यावर चालली होती, सावकाश, मिरवणुकीत चालावी तशी. थोड्या वेळाने थांबली. तिच्यावर एक बदक बसलं.

खिडकीतून मिसेस बफ्टन बघत होत्या. मी हात हलवला. त्यांनी पडदा ओढला.

१३ जानेवारी, रविवार
आज नांगराचा रविवार. जॉर्डनांच्या पोरांनी नांगर फुलं लावून चर्चमध्ये आणला, पाद्रीबाईंनी वर्षाच्या शेतीला आशीर्वाद दिला. मी डेबोराची पेटी घेऊन गेलो होतो. प्रार्थनेनंतर हळूच विचारलं, हिलाही जमेल का? पाद्रीबाई म्हणाल्या, फेरेटसाठी पुस्तकात वेगळी प्रार्थना नाही हो मिस्टर प्रीस, पण चावणार नसेल तर डोक्यावर हात ठेवते.

चावली.

आशीर्वाद पूर्ण झाला होता का, हे विचारायचं राहिलं.

१९ जानेवारी, शनिवार
डेबोराला न्याहारी कमी दिली. फक्त अंडं आणि दूध. मान दिली नाही. मग ती बघत राहिली म्हणून मान दिली.

आत गेली ती अंधार पडला तरी आली नाही. अशा वेळी करतात तसं तिची पेटी बिळाच्या तोंडाशी ठेवली, आत तिच्या अंथरुणातलं गवत घातलं, आणि घरी आलो. जेवण गेलं नाही. ग्वेन म्हणाली, लग्नाच्या आदल्या रात्री तू एवढा उदास नव्हतास. मी म्हटलं, तेव्हा तू जमिनीखाली नव्हतीस. ती बराच वेळ हसत होती.

२० जानेवारी, रविवार
डेबोरा पेटीत, गवतात, गाढ झोपलेली. चर्चला उशीर झाला. पेटीवर दव पडलं होतं, पण ती कोरडी. देव लहानांची काळजी घेतो.

बांधावर नवी बिळं दिसली. याचा अर्थ ससे घाबरून खोल चालले आहेत.

२३ जानेवारी, बुधवार
कामावरून येताना बांधावर लायनेल दिसला. पावलं मोजत होता. मी हाक मारली, तर म्हणाला, काही नाही रे, सहज. मग ओंडक्याला पाय लावून म्हणाला, हा कुजलाय. काढून टाकला तर इथे बंदुकीसाठी मचाण चांगलं बसेल.

घरी येऊन ग्वेनला सांगितलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, खरं सांग ह्यूबर्ट, तुला ससे हवेत की तो ओंडका? मी म्हटलं, काय बोलतेस, मी शिकारी माणूस आहे. ती म्हणाली, हो का. आणि माझाच शर्ट इस्त्री करत राहिली.

झोप नीट लागली नाही. ओंडका कुजलेला नाही. एका बाजूने मऊ आहे, बस.

२६ जानेवारी, शनिवार
आज फेरेट नाही, बंदूक. ओंडक्यावर दबा धरला. ऊन उतरताना ससे बाहेर आले. एक मोठा अगदी समोर बसला, पुढचे पाय चाटून कान धुवू लागला, आधी डावा, मग उजवा. नेम घेतला. वारा होता. मारला नाही.

दुसरा आला. वारा होताच.

संध्याकाळी घंटाघरात लायनेल म्हणाला, वारा? आज तर चिमणीचा धूर काठीसारखा सरळ होता रे. मी म्हटलं, बांधावरचा वारा वेगळा असतो.

१ फेब्रुवारी, शुक्रवार
उद्या कँडलमस. मिसेस बफ्टन स्वतः बघायला येणार आहेत, लायनेललाही बोलावलंय. डेबोराने ससे बाहेर काढले तर बांध माझा. नाहीतर मचाण.

निश्चय: डेबोराला आज रात्रीपासून काही नाही. तिला एकटीला उपाशी ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून मीही उपवास करतो आहे. ग्वेनने मीट-पाय बनवला होता, कणकेच्या पारीत मटण भरून भाजलेला, वासही चांगला सुटला होता. वरच्या खोलीत जाऊन बसलो. वास वरही आला.

डेबोराने पेटीची जाळी दोनदा खरवडली. मी तिला म्हटलं, उद्या. बाहेर लायनेलची गाडी गेली. निश्चय कायम.

२ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी तिला काही दिलं नाही. हे स्पष्ट लिहून ठेवतो.

फाटकाशी पोचलो तेव्हा अजून कोणी आलं नव्हतं. ग्वेनने खिशात बेकनचं सँडविच कोंबलं होतं. ते बाहेर काढलं, खाण्याआधीची प्रार्थना म्हटली. आणि पेटीतून डेबोराने पाहिलं. प्रार्थना म्हणून झाल्यावर एकट्याने खाणं कसं जमणार? एवढासा तुकडा दिला. मग दुसरा. मला पावाची कड मिळाली.

मिसेस बफ्टन आल्या, लायनेल आला. जाळ्या लावल्या. डेबोरा आत गेली, शेपूट हलवत, पूर्ण तयारीने. आम्ही गप्प उभे राहिलो. आवाज झाला तर ससे बाहेर येत नाहीत. बराच वेळ गेला. लायनेल जमिनीला कान लावून म्हणाला, डेबोराबाई घोरतायत.

मिसेस बफ्टन म्हणाल्या, माझे पाय गारठले. मी ओंडक्यावरचं शेवाळ पुसून दिलं. त्या बसल्या. मीही शेजारी बसलो. लायनेल वैतागून फावडं आणायला गेला.

मग कुंपणापलीकडचं ऊन बांधावर आलं. रॉबिन आला. समोर, जाळ्या नव्हत्या त्या बाजूने, ससे एकेक बाहेर येऊन कोबी खाऊ लागले. मी बंदूक उचलली. मिसेस बफ्टननी काठी माझ्या गुडघ्यावर ठेवली. रोखली नाही, नुसती ठेवली. हळू आवाजात म्हणाल्या, आमचे हे गेल्यापासून मी इथे बसलेच नव्हते रे.

बंदूक खाली ठेवली. वारा अजिबात नव्हता.

लायनेल फावडं घेऊन आला तेव्हा त्यांना डुलकी लागली होती. मी ओठांवर बोट ठेवलं. तो कोबीकडे बघत राहिला. म्हणाला, अख्ख्या गावात तुझ्यासारखा शिकारी नाही, भल्या माणसा. पण बसला, दुसऱ्या टोकाला. ते टोक मऊ आहे. पॅन्ट भिजली.

९ फेब्रुवारी, शनिवार
निकाल लागला. बांधावरची शिकार लायनेलला. त्याने पहिल्याच रात्री इतके ससे मारले की आज आमच्याकडेही सशाचा मीट-पाय होता. दोनदा घेतला. ग्वेनला म्हटलं, जरा चिवट आहे, घाईने मारलेलं जनावर कळतं. ती म्हणाली, तिसऱ्यांदा वाढू?

ओंडक्याला मात्र हात लावायचा नाही, असं मिसेस बफ्टननी लायनेलला काठी रोखून बजावलं. आणि मला म्हणाल्या, तू येत जा ह्यूबर्ट. बंदूक नको, फेरेट नको, गळ तर नकोच. नुसता बस.

विचार केला तर ही बढतीच आहे. शिकारीची परवानगी कोणालाही मिळते. नुसतं बसण्याची अख्ख्या परगण्यात फक्त मला आहे. तळ्याकाठी माझी दांडीही सापडली. गळ नव्हता.

संकल्प: पुढच्या शनिवारपासून पहाटे जाऊन नीट बसायचं. पद्धतशीर. मिसेस बफ्टनसाठी उशी न्यायची.

डेबोराला अंडं, दूध आणि कोंबडीची मान दिली. आता काम नाही, मग उपाशी कशाला ठेवायचं?